कासऱ्याचा वेढा

नववीच्या वर्गात आनुवंशिकता शिकवायला लागले की दरवर्षी कोणीतरी तोच प्रश्न विचारतं. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारला. "मॅडम, स्वभाव रक्तातून येतो का?" मी ओतूरच्या एका शाळेत वीसेक वर्षं विज्ञान शिकवते. डोळ्यांचा रंग, कानाची पाळी, वाटाण्याची फुलं हे सगळं फळ्यावर झरझर काढून दाखवते. पण हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. "पुस्तकात आहे तेवढं लिहा," असं मी तिच्यावर खेकसले. पोरगी बिचारी मान खाली घालून बसली. तिची काही चूक नव्हती. चूक आमच्या घरातली होती, आणि ती मी दोन महिन्यांपूर्वी आणखी वाढवून ठेवली होती.

मी आणि माझा भाऊ जुळे. मी पाच मिनिटांनी मोठी, म्हणून तो मला चिडवायला ताई म्हणायचा आणि मग तेच कायम झालं. एकाच पोटातून आलो, एकाच ताटात जेवलो. गावानं मात्र आमच्याबद्दल एकच वाक्य ठरवून टाकलं होतं: देवानं अदलाबदल केली. कारण मी होते दांडगी. झाडावर चढायचं, पाटात उड्या मारायच्या, कोणी वाकडं बोललं की त्याच्या अंगावर धावून जायचं. भाऊ मऊ. त्याला भाकरी गोल थापता यायची, माझ्या वेण्या आईपेक्षा तो चांगल्या घालायचा, आणि बैल फुरफुरला तरी त्याच्या हाताला घाम फुटायचा. मला लोक हसत हसत बोलायचे. त्याला हसत नव्हते. त्याला "बायल्या" म्हणायचे, तेही आबांच्या तोंडावर.

आबा म्हणजे आमचे वडील. ओतूरच्या वरच्या अंगाला आमचा मळा, घर मळ्यातच, आजूबाजूला दुसरं घर नाही. कांदा, टोमॅटो, थोडा ऊस हे पोटापाण्यापुरतं. आबांचा जीव होता तो बैलगाड्यात. जुन्नर-आंबेगावात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा, जत्रेत घाट, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, आणि घाटात गाडे. चार बैल, मागं हलका गाडा, गाड्यावर माणूस नाही, आणि वर निशाणापर्यंत किती सेकंदांत पोचले एवढाच सवाल. त्या तेवढ्या सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला अंडी, दूध आणि उडीद चारतात. आमच्याकडे ते उडीद आई भरडायची, अंडी आई फोडायची, कणकेचे गोळे आई करायची.

पण बैलाच्या दाव्याला आईनं हात लावायचा नाही. मीही नाही. आमच्या घरचा तो नियम होता. गाड्याच्या बैलाला बाईचा हात लागला की बैल नरमतो, असं आबा म्हणायचे, त्यांच्या आधी आजोबा म्हणायचे. शेण मात्र बाईनंच काढायचं, आबा बैलाला बाहेर घेऊन गेले की. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "शेणाला हात लावलेला चालतो का?" त्यावर आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

आबांचं सगळं गणित रक्तावर चालायचं. आम्ही पंधरा वर्षांचे असताना त्यांनी एक खोंड आणला. पांढराफेक, कपाळावर तांबूस ठिपका. "ह्याचा बाप घाटाचा राजा व्हता," आबा येणाऱ्या प्रत्येक पाव्हण्याला सांगायचे. "ह्याला शिकवायची गरज न्हाई. रक्त आपोआप बोलतं." आणि लगेच त्यांची नजर भावाकडे जायची. मग ते म्हणायचे, "माझा बाप वळू अंगावर आला तर शिंगं धरून बसवायचा. त्या बापाचं रक्त, आन् हे असं कसं निपाजलं?" आई चुलीपाशी ऐकत असायची. शेवट ठरलेला: "तुझ्या माहेरचा गुण हाय ह्यो."

आबांनी त्यावर औषध काढलं. रोज उजाडायच्या आत भावानं एकट्यानं खोंडाला सोडायचं, नांगरलेल्या रानात फिरवायचं, पाटावर धुवायचं आणि आणून बांधायचं. आबा त्या वेळी दुधाचा कॅन घेऊन डेअरीला जायचे. पहिल्या दिवशी भाऊ गोठ्यापर्यंत गेला आणि परत येऊन न्हाणीत ओकला. दुसऱ्या दिवशी खोंडानं नुसतं डोकं हलवलं तर हा पडवीत येऊन भिंतीला चिकटून उभा. मला त्याची दया आली असं आता मी सांगेन, पण ते अर्धंच खरं. मला त्या खोंडाला हात लावायचाच होता. कधीपासून.

तिसऱ्या दिवशी मी भावाचा खाकी शर्ट अंगात चढवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गेले. भाऊ आईजवळ चुलीपाशी बसला, भाकरी थापायला. दार आतून लावलेलं. आबा डेअरीवरून परतताना त्यांना बांधावरून लांब रानात खाकी शर्ट दिसायचा, शर्टाच्या मागं पांढरा खोंड दिसायचा. दिसायला आम्ही सारखेच. ते घरी पोचेपर्यंत खोंड दाव्याला, शर्ट खुंटीला आणि भाऊ पडवीत बसलेला. हे दीड वर्ष चाललं.

ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं. सांगायला लाज कसली! खोंड सुरुवातीला ओढायचा. पहिल्याच आठवड्यात मी कासऱ्याचे, म्हणजे खोंडाच्या दोराचे, दोन वेढे मनगटाला घेतले होते, निसटू नये म्हणून. त्यानं असा हिसडा दिला की मी ढेकळांतून फरफटत गेले, मनगटाची सालटी निघाली. तेव्हापासून कासरा नुसता मुठीत. ओढला तर सोडून द्यायचा, दोन पावलं मागं थांबायचं आणि "ये बाळा, ये बाळा" म्हणत राहायचं. तो आपोआप फिरून यायचा. घाटाच्या राजाचं पोर ते, पण माझ्या खांद्याला कपाळ घासायचं. रक्त काय बोलत होतं देव जाणे. मला तरी वाटतं, ज्यानं जवळ घेतलं त्याचं ते झालं.

आईला माहीत होतं का? शर्ट तीच धुवायची. तिनं एकदा फक्त एवढंच विचारलं, "मनगटाला काय लागलं गं तुझ्या?" मी म्हणाले, बाभळीचा काटा. तिनं हळद लावली आणि पुढं काही विचारलं नाही.

खोंडाचा बैल झाला. सरावाला आबा स्वतः पुढच्या जोडीला धरायचे आणि भावाला वर निशाणापाशी घड्याळ देऊन उभं करायचे. बैल असा पळायला लागला की शेजारच्या गावची माणसं बघायला यायची. एका दुपारी चारचौघांत आबांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. "बैलाला ह्यानं वळण लावलं राव. मला वाटलं व्हतं पोरगं वाया गेलं. न्हाई, वाघ हाय माझा." मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. भावाचा चेहरा मला अजून दिसतो. त्याच्या पाठीवर आबांचा हात त्याआधी फक्त मारायला पडला होता. त्या दिवसापासून आबा त्याला वाघच म्हणायला लागले. वाघा, चहा आण. वाघा, मोटर चालू कर.

मला राग आला होता. माझी मेहनत आणि शाबासकी त्याला! पण त्याच्याकडे बघून तो राग टिकायचा नाही. तो ताठ चालायला लागला होता, जेवायला लागला होता.

आणि मग ते झालं. आंबेगावच्या बाजूच्या एका गावची जत्रा, तिथं आमच्या गाड्याची पहिली बारी, म्हणजे शर्यतीतली पहिलीच धाव. आदल्या संध्याकाळी आबांनी जाहीर केलं, "उद्या पुढच्या जोडीला मी धरणार न्हाई. माझा वाघ धरणार. बैल त्याचा हाय."

मी भावाला पाटावर गाठलं. म्हणाले, "मी आबांना सांगते सगळं."

"नको."

"अरे, तो बैल तुला ओळखत पण नाही!"

"ताई, नको ना. दोन मिन्टं धरायचं आन् सोडायचं. करीन मी." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तू सांगितलं तर परत आधीसारखं व्हईल माझं."

मी गप्प बसले. त्याच्यासाठी बसले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण माझं स्वतःचंही काही त्यात होतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून गोठ्याचं दार मला बंद झालं असतं. मी फक्त एवढं म्हणाले, "माझ्या घामाचा तो खाकी शर्ट घाल. धुवू नको. वासानं तरी ओळखेल." त्यानं मान डोलावली. कासऱ्याचं सांगायचं मला सुचलंच नाही. जे आपल्याला येतं ते सगळ्यांना येतं असं वाटतं माणसाला. आणि आबांनी सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण बैल तर भावानंच वळवलेला!

जत्रेच्या दिवशी सकाळी आबांनी भावासाठी नवा पांढरा शर्ट आणि टोपी काढली. जत्रेला नवे कपडे घालायचे, पहिल्या बारीला तर घालायचेच. भावानं माझ्याकडे बघितलं. खाकी शर्ट खुंटीलाच राहिला.

घाटात बायका नसायच्या तेव्हा. आम्ही मागच्या टेकाडावर, पाळण्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांपाशी. तिथून घाटाची खालची बाजू दिसायची. भोंगा किंचाळत होता, हलगी तापली होती, भंडारा उधळत होता. मला चार बैलांपुढं पांढरा शर्ट दिसला. माझा बैल मान झाडत होता, मागं सरत होता. तो कोणाला तरी शोधतोय हे मला तेवढ्या लांबून कळलं. मी ओरडले, "ये बाळा!" शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. त्या भोंग्यापुढं माझा आवाज कुठं जाणार?

गाडा सुटला. सगळे धरणारे बाजूला उड्या मारून गेले. पांढरा शर्ट गेला नाही. भावानं भीतीनं कासऱ्याचे वेढे मनगटाला घेतले होते, तीन का चार. बैलाबरोबर तो फरफटत गेला, मग खाली गेला, आणि गाड्याचं चाक त्याच्या मांडीवरून गेलं.

नारायणगावचा दवाखाना, मग पुण्याचा, मग तीन ऑपरेशनं. पाय राहिला, पण चार बोटं आखूड आणि गुडघ्यात न वाकणारा. आबांनी त्याच महिन्यात बैल विकून टाकला. "बैलाच्या रक्तातच खोट व्हती," म्हणाले. बैल नेला तेव्हा मी घरात कोंडून घेतलं होतं. त्याची काय खोट होती? कोणीतरी परका त्याच्या तोंडापाशी उभा केला, एवढंच.

पण भावाबद्दल आबा वेगळं सांगायला लागले. पारावर, लग्नात, मयताला गेले तरी सांगायचे: "चार बैल उधळले, पण माझ्या वाघानं कासरा सोडला न्हाई. पाय गेला, पण सोडला न्हाई." लोक माना डोलवायचे. बायल्या म्हणणारे गप्प झाले. भाऊ हे ऐकताना जमिनीकडे बघायचा. आणि हळूहळू मला आणखी एक दिसायला लागलं. पाय अधू झाल्यावर त्याला कोणी रानात बोलवेना, गोठ्यात बोलवेना. तो चुलीपाशी बसायला लागला, भाकरी थापायला लागला, पुढं आई आजारी पडली तेव्हा तिच्या वेण्या घालायला लागला, आणि कोणी त्याला एक शब्द बोललं नाही. जे करायला त्याला जन्मापासून आवडायचं ते करायची मुभा मिळवायला त्याला एक पाय द्यावा लागला. मी ते मनात आणते तेव्हा अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्याचं लग्न झालं नाही. माझं झालं, मी शिकले, नोकरीला लागले. आई गेली. मधली काही वर्षं शर्यतींवर बंदी होती, ती उठली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आबांनी परत एक खोंड आणला, आणि भाऊ त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी बघत त्याच घरात राहिला. रोज सकाळी आबांची हाक: "वाघा, चा आण."

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. सुट्टीत आजोळी राहायची, तिला खोंडाचा लळा लागला. आणि आबा तिला हात लावू देत होते! मी बघतच राहिले. "आता पोरी बी धरत्यात बैल," आबा म्हणाले, "मोबाईलात दावत्यात." एवढ्या पिढ्यांचा नियम, आणि तो मोबाईलनं मोडला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मी तिथं थांबले नाही, आत जाऊन कपबश्या विसळत बसले.

दोन महिन्यांपूर्वीचा रविवार. आम्ही पडवीत बसलो होतो. भाऊ सुपात मेथी निवडत होता. मुलगी खोंडाला घेऊन अंगणात आली, कासरा नुसता मुठीत, खोंड तिच्या मागं मागं. आबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "मामावर गेली हाय पोरगी. त्योच हात, त्येच वळण. रक्त कुठं जातंय?"

मी सुटले. अठ्ठावीस वर्षं तोंडात धरलेलं सगळं बाहेर आलं. "मामावर नाही, आईवर गेलीय ती! बैल मी वळवला होता आबा. खाकी शर्ट घालून मी जायचे. हा आईपाशी भाकरी थापत बसायचा. त्यानं त्या दिवसाआधी कधी कासरा हातात धरला नव्हता!"

सुपातले हात थांबले. मुलगी अंगणात उभीच राहिली. मला वाटत होतं, आता आबा माझ्याकडे बघतील. काहीही म्हणोत, शिवी देवोत, पण एकदा माझ्याकडे, माझ्या हातांकडे बघतील. त्यांनी बघितलं ते भावाकडे. खूप वेळ. म्हातारं डोकं हळूहळू चालत होतं आणि ते कुठं पोचणार हे मला शेवटच्या क्षणी कळलं. तोवर उशीर झाला होता.

"म्हंजी," आबा म्हणाले, "कासरा तू धरून न्हाई ठेवला. तुला सोडाय येत नव्हतं."

भाऊ म्हणाला, "व्हय आबा."

आबा उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत असं नंतर कळलं.

मी निघाले तेव्हा भाऊ पाय ओढत गाडीपर्यंत आला. मुलीच्या हातात त्यानं मेथीची पिशवी दिली. मी म्हणाले, "चुकलं रे माझं." तो माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला राग कधी येतच नाही, तो सगळा माझ्याकडे आलाय. तो म्हणाला, "खोटं काय बोललीस तू? तुझं व्हतं ते तू मागितलं. पण ताई, माझ्याकडं तेवढंच व्हतं गं."

त्यानंतर मी दर रविवारी जाते. आबा माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, कांद्याचा भाव, शाळेची वेळ. बैलाचा विषय काढत नाहीत. मुलगी आता खोंडाकडे जात नाही, मामाला वाईट वाटेल म्हणते. परवाच्या रविवारी मी सकाळी लवकर पोचले. भाऊ चुलीपाशी बसला होता, चहा उकळून तयार होता, कपात ओतलेला होता. तो कप हातात घेऊन तसाच बसून होता. मी म्हणाले, "अरे, नेऊन दे ना, गार होईल." तो म्हणाला, "हाक मारतील की."

थोड्या वेळानं बाहेरून आबांचा आवाज आला, "चा झाला का रं?"

भाऊ आणखी क्षणभर बसून राहिला. मग भिंतीला धरून उठला आणि चहा घेऊन गेला.